अर्धवट भरलेली टाकी: ‘शूसुई’ रॉकेट विमानाच्या एकमेव उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

७ जुलै १९४५. टोकियो उपसागराच्या काठावर, योकोसुकाजवळ ओप्पामा इथं जपानी नौदलाचा विमानतळ होता. संध्याकाळचे पाच वाजत आलेले. धावपट्टीवर एक बुटकं, बिनशेपटीचं, गुबगुबीत विमान उभं होतं. नाकाशी पंखा नाही, पोटाखाली तात्पुरती लावलेली दोन चाकांची गाडी. आत नौदलाचे वैमानिक टोयोहिको इनुझुका बसले होते. इंजिन पेटलं, विमान धावलं, उचललं गेलं, चाकांची गाडी ठरल्याप्रमाणे सुटून खाली पडली आणि विमान जवळजवळ ४५ अंशांत वर चढलं. बघणाऱ्यांना वाटलं, जमलं. चारशे मीटरच्या आसपास इंजिन बंद पडलं. चालू झाल्यापासून ते मिनिटभरही टिकलं नव्हतं.

पुढच्या दिवशी इनुझुका गेले. जपानच्या या रॉकेट विमानाचं इंजिनासह झालेलं हे पहिलं उड्डाण, आणि शेवटचंही.

या प्रकरणाकडे मी वारंवार वळतो, कारण इथं कुणी बेफिकीर नव्हतं. ज्या निर्णयामुळे इंजिन बंद पडलं तो सावधगिरीचा निर्णय होता. या प्रकल्पातल्या जपानी माणसांपैकी वैमानिक आणि जर्मनीकडून विमानाचे कागद आणणारा अधिकारी या दोघांचीच नावं मी घेतो आहे. बाकी निर्णय अनेकांनी मिळून, घाईत घेतले. त्यांत एक दोषी शोधून हाती काही लागत नाही.

पार्श्वभूमी

१५ जून १९४४ च्या रात्री चीनमधल्या तळांवरून उडालेली अमेरिकी बी-२९ बॉम्बर विमानं क्यूशू बेटावरच्या यावाता पोलाद कारखान्यापर्यंत पोचली. नोव्हेंबरपासून मारियाना बेटांवरून टोकियोवर हल्ले सुरू झाले. ही विमानं सुरुवातीला आठ ते दहा किलोमीटर उंचीवरून यायची. जपानी लढाऊ विमानांची पिस्टन इंजिनं त्या विरळ हवेत धापा टाकायची. विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवणारं यंत्र म्हणजे टर्बोचार्जर, आणि भरवशाचा टर्बोचार्जर जपानकडे नव्हता. वर चढेपर्यंत बॉम्बर आपलं काम करून परत फिरलेले असत.

जर्मनीकडे याला उत्तर दिसत होतं. अलेक्झांडर लिपिश यांच्या आराखड्यावर उभं राहिलेलं मेसरश्मिट १६३ ‘कोमेट’. त्याच्या आधीच्या नमुन्यानं २ ऑक्टोबर १९४१ ला हाइनी डिटमार यांच्या हाती ताशी १००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. लढाऊ कोमेट सुमारे साडेतीन मिनिटांत बारा किलोमीटर उंची गाठायचं. त्याचं इंजिन हवेतला ऑक्सिजन घेतच नसे. एका टाकीत ८० टक्के तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसरीत मिथेनॉल आणि हायड्राझिन हायड्रेटचं मिश्रण. दोन्ही द्रव एकमेकांना भिडले की आपोआप पेट घेतात, ठिणगी लागत नाही. जोर अफाट, पण सात-आठ मिनिटांत इंधन संपतं. त्यानंतर ते विमान म्हणजे एक जड ग्लायडर. उतरायचं पोटाखालच्या घसरपट्टीवर, आणि एकदा चुकलं तर पुन्हा फेरी मारून येण्याची सोय नाही.

हे विमान स्वतःच बनवायचं, असं जपाननं ठरवलं.

समस्या: ज्ञान बुडालं

मित्रराष्ट्रांनी समुद्र वेढलेला असल्यामुळे कागद आणि नमुने पाणबुड्यांतूनच आणावे लागणार होते. ते दोन बोटींत विभागून पाठवले गेले. एक बोट जर्मनीनं जपानला दिलेली, तिचा जपानी क्रमांक आरओ-५०१. ती मार्च १९४४ च्या अखेरीस कील बंदरातून निघाली आणि १३ मे ला अटलांटिक महासागरात अमेरिकी युद्धनौकेनं बुडवली. दुसरी, आय-२९, १६ एप्रिलला फ्रान्सच्या लोरियाँ बंदरातून निघाली. तीन महिन्यांनी, १४ जुलैला ती सिंगापूरला पोचली. म्हणजे सगळ्यात धोक्याचा टप्पा पार पडला होता.

तिच्यावर नौदलाचे तांत्रिक अधिकारी एइइची इवाया होते. सिंगापूरला ते पाणबुडीतून उतरले आणि विमानानं टोकियोला गेले. सोबत जेवढे कागद नेता आले तेवढे नेले: विमानाची तीन बाजूंनी काढलेली बाह्यरेखा, इंधनाच्या घटकांची माहिती, वापराच्या सूचना आणि त्यांची स्वतःची निरीक्षणं. बाकी सगळं पाणबुडीतच राहिलं. २६ जुलैला, फिलिपाइन्सच्या उत्तरेकडच्या खाडीत, अमेरिकेच्या ‘सॉफिश’ पाणबुडीनं आय-२९ बुडवली.

या प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू, आणि इथं इवायांची निवड योग्यच होती. ते बोटीवरच राहिले असते तर टोकियोला कागदाचा चिटोराही पोचला नसता. पण काय पोचलं आणि काय राहिलं, हे नीट पाहायला हवं. विमान बाहेरून कसं दिसतं ते पोचलं. टाकीच्या आत द्रव कसा वागतो, नळी टाकीच्या कुठल्या कोपऱ्यातून काढायची आणि का, जर्मनांचे कोणते वैमानिक कशामुळे गेले, हे असल्या रेखाचित्रात मावत नाही. ३० डिसेंबर १९४३ ला जर्मनीतल्या बाट त्स्विशेनआन इथं कोमेटच्या उड्डाणात योझेफ प्योस या वैमानिकाची चाकांची गाडी सुटून उसळली आणि विमानावर आदळली. इंजिनाचा जोर गेला. धावपट्टीकडे परत वळताना पंख अडथळ्याला लागला आणि ते मरण पावले. दीड वर्षानं ओप्पामाला जे घडलं त्याच्याशी या शेवटाचं साम्य अंगावर येतं.

समोरचे पर्याय

टोकियोत लष्कर आणि नौदल यांची बैठक झाली तेव्हा ढोबळमानानं तीन वाटा समोर होत्या.

नौदलाचं म्हणणं होतं, कोमेटचा आकार उडून सिद्ध झालेला आहे, तोच जसाच्या तसा घ्या. लष्कराचं मत होतं की अपुऱ्या कागदांवर नक्कल करण्यापेक्षा स्वतःचं विमान नव्यानं आखावं. तिसरी वाट जेट इंजिनाची. इवायांच्या सामानात त्याचेही थोडे कागद होते. त्यांतूनच पुढं ‘किक्का’ हे जेट विमान बनलं आणि ७ ऑगस्ट १९४५ ला किसाराझू विमानतळावरून उडालं. जेटला हवा लागते, पण त्याचं इंधन साधं असतं आणि ते आकाशात जास्त वेळ टिकतं.

शेवटी नक्कल करायचं ठरलं. विमानाचं शरीर नौदलाच्या देखरेखीखाली, इंजिन लष्कराच्या, बांधणी नागोयात मित्सुबिशीकडे. नौदलाचं नाव जे८एम, लष्कराचं कि-२००, आणि दोघांचं मिळून ‘शूसुई’. शब्दशः अर्थ शरद ऋतूतलं पाणी, पण जपानी कवितेत हा शब्द लखलखत्या तलवारीसाठी येतो.

माझ्या मते नक्कल करण्यात चूक नव्हती. धोका होता तो नकलेची सीमा विसरण्यात. आकार सारखा होता, पण बाकी बरंच बदललं होतं. इंजिन जपानी, तोफा जपानी, वजनाची वाटणी वेगळी. जर्मन विमानाच्या नाकावर वीज बनवणारा छोटा पंखा असायचा, तो इथं नव्हता. थोडक्यात, ‘सिद्ध झालेलं’ विमान जर्मनीत होतं. नागोयात बनत होतं ते दुसरंच.

काय केलं

शरीराचं काम झपाट्यानं झालं. सप्टेंबर १९४४ मध्ये लाकडी प्रतिकृती तयार झाली. डिसेंबरात नागोया परिसर भूकंपानं हादरला आणि पाठोपाठ बॉम्बहल्ले झाले, तरी काम थांबलं नाही. ‘आकिगुसा’ नावाचं हलकं, बिनइंजिनाचं ग्लायडर बनवून त्याच महिन्यात इनुझुकांनी ते ह्याकुरीगाहारा विमानतळावर उडवलं. हाताला चांगलं लागतं, असं निघालं. जानेवारीत खऱ्या शूसुईचं शरीर इंजिनाशिवाय दुसऱ्या विमानानं ओढून वर नेलं आणि सोडलं. तेही नीट उतरलं. हा क्रम शहाणपणाचा होता: आधी वागणूक समजून घ्या, मग इंजिन लावा.

इंजिनानं मात्र सगळ्यांचा घाम काढला. रॉकेटमध्ये दोन्ही द्रव प्रचंड वेगानं ज्वलनकक्षात ढकलायचे असतात. ते काम टर्बाइनवर चालणारा पंप करतो, आणि ती टर्बाइन पेरॉक्साइडच्याच वाफेवर फिरते. म्हणजे पंपाला घोटभर हवा मिळाली की सगळी साखळी तुटते. हे लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

इंधन साठवायचं कशात, हाही मोठा पेच होता. तीव्र पेरॉक्साइड लोखंड-तांब्याला लागलं की फसफसून विघटित होतं, आणि तेलकट चिंधीला लागलं तर आग. आपण लोणचं पत्र्याच्या डब्यात घालत नाही, चिनीमातीच्या बरणीत मुरवतो. विचार तोच, फक्त इथं चूक जीवावर बेतणारी. मग काम कुंभारांकडे गेलं. आइची प्रांतातलं टोकोनामे हे शतकानुशतकं मडकी आणि मातीचे नळ बनवणारं गाव. तिथल्या भट्ट्यांतून माणूस आत उभा राहील एवढे रांजण भाजून निघू लागले. जगातल्या सगळ्यात पुढच्या इंजिनाचा द्रव आणि त्याला सांभाळणारी कुंभाराची भाजलेली माती. या चित्राशी मी दर वेळी थांबतो. त्या कारागिरांनी आपलं काम चोख केलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणी केली नाही. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री बी-२९ विमानं टोकियोवर आली ती दीड ते पावणेतीन किलोमीटर उंचीवरून, अंधारात, आगीचे बॉम्ब घेऊन. दहा किलोमीटरवर पोचण्यासाठी शूसुई जन्माला घातलं होतं, आणि शत्रू खाली उतरला होता. एप्रिलपासून इवो जिमा बेटावरून अमेरिकी लढाऊ विमानंही सोबत येऊ लागली. इंधन संपल्यावर निमूट घसरत उतरणाऱ्या विमानासाठी हे सगळ्यात वाईट आकाश होतं. गरज बदलली, तेव्हा काम थांबवून पुन्हा विचारायला हवं होतं. शहरं जळत असताना ते सोपं नव्हतं, हेही खरं.

७ जुलै: निर्णायक घडी

पहिल्या उड्डाणाला टाक्या पूर्ण भरायच्या नाहीत, असं ठरलं. कारण सरळ आहे. भरलेल्या शूसुईचं वजन ३९०० किलोच्या आसपास, त्यातलं निम्मं इंधन. अपघात झालाच तर स्फोटक द्रव कमी असलेला बरा. विमान हलकं असेल तर धावपट्टीही कमी लागेल. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर वर जायचंही नव्हतं. त्या जागी मी असतो तर मीही बहुधा हेच सांगितलं असतं.

पण कमी इंधनानं दोन गोष्टी बदलल्या.

पहिली अगदी ओळखीची. आमच्या घरी जुनी स्कूटर होती. पेट्रोल तळाला गेलं की ती घाटात चढावर आचके देऊन बंद पडायची, सपाटीला नाही. पेट्रोल असायचं, पण चढावर ते टाकीच्या मागच्या अंगाला सरकायचं आणि नळीचं तोंड कोरडं पडायचं. मग बाबा स्कूटर एका अंगावर कलती करायचे, टाकीत खळखळ ऐकू यायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरू. शूसुईत हेच झालं. चढताना इंधन मागं सरकलं, पंपाकडे जाणाऱ्या वाटेत हवा शिरली आणि इंजिन आपोआप बंद झालं. फक्त तिथं कलतं करून पुन्हा किक मारायला वेळ नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. टाकीतला द्रव किती कलतो हे इंजिनाचा जोर आणि विमानाचं वजन यांच्या प्रमाणावर ठरतं. शूसुईचं इंजिन १५०० किलोचा जोर लावायचं. भरलेल्या, ३९०० किलोच्या विमानात हे प्रमाण ०.४ च्या आत राहतं. माझ्या ढोबळ हिशोबानं द्रवाचा पृष्ठभाग तेव्हा वीस-पंचवीस अंश कलेल. वजन अडीच हजार किलोवर आणलं की प्रमाण ०.६ होतं, विमान कितीतरी उभं चढतं, आणि द्रवाचा कल चाळीस अंशांच्या जवळ जातो. म्हणजे टाकीत द्रव कमी, आणि तो सरकतोही जास्त. जी कपात सुरक्षेसाठी केली, तिनं दोन्ही बाजूंनी नळीचं तोंड उघडं पाडलं.

इंजिन बंद पडल्यावरचे काही क्षण इनुझुकांचे एकट्याचे होते. उंची चारशे मीटर, वेग घटत चाललेला, टाक्यांत उरलेला जहाल द्रव, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सोडलेली धावपट्टी. ते धावपट्टीकडे वळले. विमान त्यांनी सावरलं, घसरत बरंच जवळही आणलं. विमानतळाच्या कडेला एक छोटी इमारत होती, तिला पंख लागला.

इंजिन गेल्यावर कमी उंचीवरून मागं वळू नये, समोर जिथं जमेल तिथं उतरावं, हे शिकाऊ वैमानिकाला पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. वळताना उंची वेगानं जाते. पण बसून लिहिणाऱ्यानं त्या माणसाला हा धडा ऐकवू नये. या विमानाला पाण्यावर उतरवून कुणी पाहिलं नव्हतं. आणि ज्याच्यासाठी एवढी माणसं वर्षभर राबली ते विमान त्यांच्या हातात होतं.

परिणाम

इनुझुका ८ जुलैला गेले. चौकशीत कारण लवकरच सापडलं, कारण ते लपलेलं नव्हतं: तिरकी चढण, अर्धवट टाकी, इंधनाच्या वाटेत हवा. पुढची उड्डाणं रोखून उरलेल्या विमानांत इंधनपंपाची व्यवस्था बदलायचं ठरलं. ते काम पूर्ण होण्याआधी १५ ऑगस्टला युद्ध संपलं. हजारांच्या घरात बनवायचा बेत होता, बनली मोजकी. त्यांतलं एक आज कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या संग्रहालयात आहे. ओप्पामाच्या विमानतळावर १९६१ मध्ये निस्सानचा मोटार कारखाना उभा राहिला.

शूसुई यशस्वी झालं असतं तरी काय साधलं असतं? त्याचं उत्तर जर्मनीत आधीच मिळालं होतं. तिथं साडेतीनशेहून जास्त कोमेट बनली आणि त्यांनी पाडलेली शत्रूची विमानं जेमतेम दहा-पंधरा भरतात. वेग इतका की नेम धरायला दोन-तीन सेकंद मिळायचे. उतरताना आणि इंधन भरताना गेलेले वैमानिक आणि कामगार वेगळेच.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चनंतर प्रकल्प थांबवून माणसं दुसरीकडे लावायला हवी होती, असं आज म्हणता येतं. तेव्हा ते म्हणण्याची ताकद कुणात होती, याची मला शंका आहे. म्हणून मी तेवढ्या मोठ्या ‘जर’मध्ये शिरत नाही. त्याच माणसांना, त्याच आठवड्यात शक्य होतं तेवढंच मांडतो.

पहिलं, चढण. टाकी कमी भरायची ठरली तेव्हाच चढणीचा कोनही कमी ठरवायला हवा होता आणि त्या कोनात राहायला इंजिनाचा जोरही उतरवायला हवा होता. या विमानाचं इंजिन कमी-जास्त जोरावर चालवता येत असे.

दुसरं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे उड्डाणाआधी जमिनीवर ठरवून ठेवणं. अमुक उंचीच्या खाली सरळ समुद्रात, किनाऱ्यावर होड्या तयार, विमान गेलं तरी चालेल असं वरिष्ठांनी तोंडानं सांगितलेलं. विमान वाचवायचं ओझं वैमानिकाच्या डोक्यावरून आधीच उतरवावं लागतं. चारशे मीटरवर तो ते स्वतः उतरवू शकत नाही.

तिसरं सगळ्यात स्वस्त होतं. त्यासाठी पेरॉक्साइड नको, रॉकेट नको, वैमानिक तर नकोच. टाकी ठोकळ्यांवर चाळीस अंश कलती ठेवायची, उड्डाणाच्या दिवशी असेल तेवढंच पाणी त्यात भरायचं, खाली पंप जोडायचा आणि नळीतून पाण्याऐवजी हवा कधी येते ते घड्याळ लावून बघायचं. सुताराचे चार ठोकळे आणि एक दुपार.